घरातील ज्येष्ठांना ताण हाताळायला कसे शिकवावे?

आपल्या बहुतेक घरांत साठी-सत्तरी ओलांडलेले कुणी ना कुणी असतेच. कुणाचे अब्बा, कुणाची अम्मी, कुणाच्या दादी-नानी. त्यांच्या तब्येतीची चौकशी आपण करतो, पण ती साखर किती, बीपी किती, गुडघा कसा आहे एवढ्यापुरतीच. मनावरच्या ताणाबद्दल आपण विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत. फार तर ‘जी घबरा रहा है’ एवढेच म्हणतात. त्यावर घरातले उत्तर ठरलेले असते: टेन्शन घेऊ नका, सब्र करा, अल्लाह अल्लाह करत बसा.

हे बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पण ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला काठावर उभे राहून ‘बुडू नका’ असे सांगणे आहे. पोहणे जसे शिकावे लागते, तसेच ताण हाताळणेही शिकावे लागते. ते कौशल्य आहे, त्याला पायऱ्या आहेत आणि सराव केला तर ते सत्तराव्या वर्षीही येते. आम्ही शिकवण्याच्या पेशातले. त्यामुळे या लेखात आम्ही हा विषय एखाद्या धड्यासारखा मांडत आहोत: ताण म्हणजे काय, तो ज्येष्ठांमध्ये कसा ओळखावा, काय शिकवावे, कोणत्या क्रमाने शिकवावे आणि कोणत्या वेळी घरचे उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे.

ताण म्हणजे नेमके काय?

कॅनडात काम केलेले शास्त्रज्ञ हॅन्स सेली यांनी १९३६ साली एक महत्त्वाची गोष्ट मांडली. त्रास कोणत्याही प्रकारचा असो, शरीर त्याला बरेचसे ठरलेल्या पद्धतीने तोंड देते. पुढे याच प्रतिक्रियेला ‘स्ट्रेस’ हा शब्द रूढ झाला, आपण तिला ताण म्हणतो.

धोका जाणवला की मेंदूकडून इशारा जातो आणि मूत्रपिंडांवर असलेल्या छोट्या ग्रंथींमधून अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके रक्तात येतात. हृदय जोरात धडधडते, रक्तदाब वाढतो, रक्तातली साखर वाढते, स्नायू आवळले जातात. समोरून बैल धावून आला तर हे सगळे उपयोगाचे असते, कारण पळायला ताकद मिळते. बैल निघून गेला की शरीर शांत होते.

पण ‘मुलाची नोकरी गेली’, ‘माझे ऑपरेशन करावे लागेल का’, ‘मी गेल्यावर हिचे कसे होईल’ हे बैल निघून जात नाहीत. रात्रंदिवस मनात उभेच राहतात. मग शरीरही शांत होत नाही. मधुमेह असलेल्यांची साखर औषध वेळेवर घेऊनही वाढलेली दिसते, रक्तदाब आटोक्यात राहत नाही, झोप मोडते. वय झालेल्या शरीराला पूर्ववत व्हायला आधीच जास्त वेळ लागतो. म्हणून तरुणाला दोन दिवस पुरणारी काळजी ज्येष्ठांना दोन आठवडे पुरते.

ज्येष्ठांमधला ताण कसा ओळखावा?

आपले बुजुर्ग ‘मला ताण आलाय’ असे क्वचितच म्हणतात. ताण त्यांच्या बोलण्यात नव्हे, शरीरात आणि वागण्यात दिसतो. पुढील गोष्टींकडे लक्ष ठेवावे:

- तपासण्या ठीक येऊनही डोके, पाठ, पोट यांची सतत तक्रार.
- रात्री दोन-अडीचला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही.
- जेवण कमी झाले, किंवा भूक नसताना सारखे काहीतरी तोंडात टाकणे.
- लहानसहान गोष्टीवर चिडणे, नातवंडांवर ओरडणे, नंतर स्वतःच रडणे.
- तीच चौकशी पुन्हा पुन्हा: दार लावले का, पैसे भरले का, तो पोहोचला का.
- नेहमीच्या बैठकीत, मोहल्ल्यात, लग्नकार्यात जाणे टाळणे.

यातले एखादे लक्षण दोन दिवस दिसले तर घाबरू नये. दोन-तीन लक्षणे आठवड्याहून जास्त टिकली तर विषय काढावा. विसरभोळेपणा, थायरॉइडचा आजार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांतही अशाच खुणा दिसू शकतात. म्हणून एकदा डॉक्टरांना दाखवून घेणे चांगले.

ताण येतो कुठून?

२०११ च्या जनगणनेत भारतात साठ वर्षांवरील लोकांची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. या सगळ्यांची दुखणी एकसारखी नाहीत. आपल्या घरांमध्ये वारंवार दिसणारी कारणे पाहू.

रत्नागिरी, रायगडच्या अनेक गावांत मुले आखातात आणि घरात वृद्ध आई-वडील, हे चित्र दोन-तीन पिढ्यांचे आहे. पैसा येतो, पण फोनची वाट पाहण्यात दिवस जातो. भिवंडी, मालेगावसारख्या गावांत आयुष्यभर पॉवरलूमच्या खडखडाटात काम केलेल्यांचे कान वयाआधी कमी झालेले असतात. ऐकू न येणाऱ्या माणसाला घरातले दबक्या आवाजात आपल्याबद्दलच बोलत आहेत असे वाटू लागते. घरच्यांना वाटते म्हातारा संशयी झाला. खरे दुखणे कानाचे असते.

कागदपत्रांची धास्ती हाही मोठा ताण आहे. आधारवर नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, रेशनकार्डावर तिसरे. शेख, शैख, शेक असे एकाच माणसाचे तीन प्रकार. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्याची काळजी ऑक्टोबरपासूनच सुरू होते. शिवाय जोडीदार जाणे, इद्दतीनंतरचे रिकामे घर, मिळकतीवरून मुलांमध्ये भांडणे, दुसऱ्यावर अवलंबून राहण्याची लाज आणि मोबाइलवर दिवसभर येणाऱ्या घाबरवणाऱ्या बातम्या.

पहिला धडा: दोन याद्या

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस आणि सुसान फोकमन यांनी १९८४ च्या त्यांच्या पुस्तकात ताणाशी सामना करण्याचे दोन मुख्य मार्ग सांगितले. एक, अडचणीवरच काम करणे. दोन, अडचणीमुळे मनात उठणाऱ्या भावनेवर काम करणे. कोणत्या वेळी कोणता मार्ग धरायचा हे कळणे, हीच खरी शिकवण आहे.

म्हणून श्वासाचा सराव शिकवण्याआधी कागद घ्या. शांत वेळी अब्बांजवळ किंवा अम्मीजवळ बसा आणि विचारा, ‘सध्या मनात काय काय घोळतंय?’ मध्ये न बोलता, समजूत न घालता सगळे लिहून घ्या. मग त्याच कागदाचे दोन भाग करा.

पहिला भाग, ज्यावर काही करता येईल: हयातीचा दाखला, नावाची दुरुस्ती, कानाचे मशीन, चष्म्याचा नंबर, न्हाणीघरात धरायला दांडा, रात्रीचा दिवा, थकलेले वीजबिल. ही यादी घरातल्या तरुणांची आहे. प्रत्येक कामापुढे कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत ते लिहावे, आणि झाले की ज्येष्ठांच्या हातूनच त्यावर रेघ मारून घ्यावी. हयातीचा दाखला २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या सोयीमुळे डिजिटल पद्धतीने देता येतो. ऐंशी वर्षांवरील केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांना तो १ ऑक्टोबरपासूनच देण्याची मुभा आहे.

दुसरा भाग, ज्यावर कुणाचेच चालत नाही: गेलेल्या जोडीदाराची आठवण, परदेशातला मुलगा, न बरा होणारा आजार, मृत्यूची भीती. या यादीसाठी पुढचे सराव आहेत.

हा क्रम उलटा करू नये. ज्याला ऐकू येत नाही त्याला कानाचे मशीन न देता दीर्घ श्वास शिकवणे योग्य नाही. दूर करता येणारा त्रास दूर करणे हे घरच्यांचे काम आहे. ते टाळण्यासाठी ‘मन शांत ठेवा’ हा सल्ला वापरू नये.

ज्येष्ठांना शिकवायचे कसे?

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी १९७० च्या दशकात प्रौढांच्या शिक्षणावर बरेच लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: मोठी माणसे आपल्या अनुभवाच्या आधाराने शिकतात, ज्याचा आज उपयोग आहे ते शिकतात आणि आपल्याला मान दिला जातोय असे वाटले तरच शिकतात. वर्गात मुले शिकवताना आणि घरात बुजुर्गांना शिकवताना हाच मोठा फरक पडतो. आमच्या मते पुढील गोष्टी पाळाव्यात:

१. सोबत करा. ‘तुम्ही हे करा’ असे न म्हणता ‘अब्बा, पाच मिनिटं माझ्यासोबत बसता का, दोघं करून पाहू’ असे म्हणा.

२. एका आठवड्याला एकच सराव. चार गोष्टी एकदम सांगितल्या तर एकही राहत नाही.

३. घरची बोली वापरा. दखनी, उर्दू, कोकणी, मराठी, जी बोली त्यांच्या तोंडी आहे तीच. ‘स्नायू शिथिलीकरण’ म्हणू नका, ‘अंग ढीला छोडना’ म्हणा.

४. कान-डोळ्यांचा विचार करा. समोर बसून, टीव्ही बंद करून, सावकाश बोला. पायऱ्या मोठ्या अक्षरांत, त्यांना वाचता येणाऱ्या लिपीत एका पुठ्ठ्यावर लिहा. वाचता येत नसेल तर नातवाच्या आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून द्या.

५. रोजच्या ठरलेल्या वेळेला जोडा. नव्या सवयीला जुन्या सवयीचा आधार लागतो. आपल्या बुजुर्गांचा दिवस पाच नमाजांनी आखलेला असतो. ‘रोज पाच मिनिटे सराव करा’ हे विसरले जाईल, ‘असरनंतर’ म्हटले तर लक्षात राहील.

६. त्यांच्याकडून करून घ्या. ‘समजलं का?’ विचारले की सगळे हो म्हणतात. त्याऐवजी ‘आता तुम्ही मुन्नीला शिकवा’ म्हणा. नातीला शिकवताना दादीचा धडा पक्का होतो आणि घरात आपला काही उपयोग आहे हेही तिला जाणवते.

आणखी एक गोष्ट. नमाज, तिलावत, तस्बीह यांतून अनेक ज्येष्ठांना सुकून मिळतो. तो त्यांचा स्वतःचा आधार आहे. खाली दिलेले सराव त्याच्या जागी करायचे नाहीत, त्याच्या सोबतीने करायचे आहेत. आणि ताण आला म्हणजे इमान कमजोर झाले, असे कुणीही त्यांना ऐकवू नये. अशा बोलण्याने दुखणे लपवले जाते आणि वाढते.

कोणते सराव शिकवावेत?

सावकाश श्वास. पाठीला आधार असलेल्या खुर्चीत बसावे, पाय जमिनीवर टेकलेले, एक हात पोटावर. नाकाने सावकाश श्वास घ्यावा, मनात चारपर्यंत मोजत. पोटावरचा हात थोडा वर आला पाहिजे. मग ओठ फुंकर घातल्यासारखे करून सहापर्यंत मोजत श्वास सोडावा. अशी मिनिटाला साधारण सहा आवर्तने होतात. श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. सुरुवातीला दोन मिनिटे, पुढे पाच. श्वास कोंडून धरू नये. चक्कर आल्यासारखे वाटले तर थांबावे. दमा किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

अंग सैल सोडणे. ही पद्धत अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांची, त्यांचे पुस्तक १९२९ साली आले. मुठी पाच सेकंद हलक्या आवळाव्यात आणि मग दहा-पंधरा सेकंद एकदम सैल सोडाव्यात. मग खांदे कानाकडे उचलून सोडावेत, कपाळाला आठी घालून सोडावी, शेवटी पावले. आवळलेले आणि सैल यातला फरक कळणे महत्त्वाचे. अनेकांचे खांदे दिवसभर आवळलेले असतात, पण त्यांना ते ठाऊकच नसते. दुखरा सांधा वगळावा. रक्तदाब जास्त असेल तर जोर लावू नये.

काळजीची ठरलेली वेळ. काळजी करू नका असे सांगून काळजी थांबत नाही, पण तिला वेळ ठरवून देता येते. असरनंतरची पंधरा मिनिटे फक्त काळजीसाठी ठेवावीत. त्या वेळी मनातले सगळे बोलावे किंवा लिहावे, घरातल्या एकाने ऐकावे. रात्री तोच विचार आला तर स्वतःला सांगायचे, ‘उद्या असरनंतर पाहू’. पहिल्या आठवड्यात हे जमत नाही. रोज केले की हळूहळू जमू लागते. ही वेळ झोपण्याआधीची ठेवू नये.

चालणे आणि तोल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास. ज्यांना इतके जमत नाही त्यांनी दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. पुरुषांचे मस्जिदपर्यंतचे जाणे-येणे यात धरता येते. घरातल्या स्त्रियांना मात्र बाहेर पडायला निमित्त नसते. त्यांच्यासाठी गच्ची, अंगण किंवा मैत्रिणीच्या घरापर्यंतची फेरी ठरवून द्यावी. खुर्चीच्या पाठीला धरून टाचा उचलणे हा तोलाचा सोपा व्यायाम आहे.

झोप. वय वाढले की झोप हलकी होते आणि पहाटे लवकर जाग येते, हे स्वाभाविक आहे. फजरच्या आधी डोळा उघडला म्हणजे आजार नव्हे. दुपारचा कैलुला अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. असरच्या चहानंतर चहा-कॉफी नको. अंथरुणात पडून मोबाइल नको. वीस-पंचवीस मिनिटे झोप लागली नाही तर उठून खुर्चीत बसावे, तस्बीह किंवा सावकाश श्वास करावा आणि डोळे जड झाल्यावरच पुन्हा आडवे व्हावे. उठताना अंधारात पडू नये म्हणून छोटा दिवा चालू ठेवावा.

एकदम घाबरे झाल्यास. छातीत दुखणे, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ असेल तर हा सराव नव्हे, थेट दवाखाना. तसे काही नसेल आणि अशी घबराहट आधी डॉक्टरांनी तपासली असेल, तर लक्ष आसपासच्या वस्तूंकडे वळवावे: दिसणाऱ्या पाच गोष्टी, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक. नावे मोठ्याने घ्यावीत. घाबरलेले मन हळूहळू समोरच्या खोलीत परत येते.

फोनची वेळ. परदेशातल्या मुलांना आमचे एवढेच सांगणे आहे की फोन रोज नाही केला तरी चालेल, पण वेळ ठरवून करा. सौदीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, दुबईची दीड तास. इथे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिथे सात आणि आठ. मंगळवार आणि शुक्रवार, साडेनऊ वाजता, असे ठरले की बाकीचे पाच दिवस अम्मी फोनकडे पाहत बसत नाही. चुकणार असेल तर आधी कळवावे.

बातम्यांचे पथ्य. व्हॉट्सॅपवर आलेला प्रत्येक व्हिडिओ आजचा नसतो आणि खराही नसतो. बातम्या दिवसातून एकदा, तीस मिनिटे, मगरिबच्या आधी पाहाव्यात. घाबरवणारा संदेश आला तर आधी घरातल्या एका जाणत्या माणसाला दाखवायचा, मगच पुढे पाठवायचा, असा नियम करावा.

सहा आठवड्यांचे नियोजन

- पहिला आठवडा: दोन याद्या, आणि पहिल्या यादीतले एक तरी काम पूर्ण करणे.
- दुसरा आठवडा: सावकाश श्वास, फजर आणि इशानंतर.
- तिसरा आठवडा: अंग सैल सोडणे, जोहरनंतर. श्वास चालू ठेवायचा.
- चौथा आठवडा: असरनंतर काळजीची वेळ, आणि त्यानंतर चालणे.
- पाचवा आठवडा: झोपेचे नियम आणि बातम्यांचे पथ्य.
- सहावा आठवडा: एक माणूस वाढवायचा. जुना मित्र, मैत्रीण, मोहल्ल्यातली बैठक किंवा जवळचा ज्येष्ठ नागरिक संघ.

रमजानमध्ये दिनक्रम बदलतो, म्हणून सरावाच्या वेळा नव्याने ठरवाव्यात. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी रोजे आणि औषधांच्या वेळांबद्दल रमजानच्या आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

फरक पडला हे कसे कळेल?

शाळेत आपण चाचणी घेतो, इथेही घ्यावी, पण सोपी. दहापैकी किती त्रास आहे असे विचारले तर अनेक बुजुर्ग गोंधळतात. त्यांना आणे ठाऊक असतात. ‘आज रुपयात किती आणे जी घबराया?’ असे विचारा. बारा आणे, सहा आणे, लगेच उत्तर येते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज तेवढा आकडा लिहा. महिन्याने मागे वळून पाहिले की फरक डोळ्यांना दिसतो.

जागतिक आरोग्य संघटनेची जीवनमान मोजण्याची २६ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली आहे. ती चार बाजू पाहते: शरीर, मन, नातेसंबंध आणि आसपासची परिस्थिती. घरीही याच चार बाजू पाहाव्यात. झोप आणि भूक सुधारली का? चिडचिड कमी झाली का? कुणाशी बोलणे वाढले का? घरात सुरक्षित वाटते का? सगळ्या काळज्या संपणे हे उद्दिष्ट नाही. काळजी असूनही जेवण गोड लागावे आणि नातवंडांत मन रमावे, एवढे झाले तरी शिकवण्याचे सार्थक झाले.

घरचे उपाय केव्हा पुरत नाहीत?

- दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास, कशातच मन लागत नाही, जेवण-झोप बिघडलेली.
- ‘मी ओझं झालोय’, ‘आता उचलून नेलं तर बरं’ असे वारंवार बोलणे. हे म्हातारपणाचे बोलणे म्हणून सोडून देऊ नये. थेट विचारावे, एकटे ठेवू नये आणि लगेच मदत घ्यावी.
- एक-दोन दिवसांत अचानक भ्रम, माणसे न ओळखणे. वृद्धांमध्ये साध्या संसर्गानेही असे होते, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.
- तोंड वाकडे होणे, हातापायातली ताकद जाणे, बोलणे अडखळणे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेली झोपेची गोळी देऊ नये. त्याने तोल जाऊन पडण्याचा आणि हाड मोडण्याचा धोका वाढतो. आणि सराव सुरू केला म्हणून बीपीची गोळी बंद करू नये.

मदतीसाठी दोन क्रमांक घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. १४४१६ ही २०२२ साली सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा आहे, ती चोवीस तास चालते. महाराष्ट्रात ठाणे, पुणे येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. जिल्हा रुग्णालयातही मनोविकार तज्ज्ञांची चौकशी करावी. तिथे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे.

ताण घरातूनच येत असेल तर

काही घरांत ज्येष्ठांच्या ताणाचे कारण घरातलेच वागणे असते. हातातले पैसे काढून घेणे, जेवणावरून बोलणे, सही घेण्यासाठी दबाव. अशा ठिकाणी श्वासाचा सराव शिकवून काही होणार नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला आहे. साठ वर्षांवरील व्यक्तीला त्याखालील न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्ता मागता येतो. चौकशी प्रांत कार्यालयात करावी. त्या कायद्यात दरमहा दहा हजार रुपयांपर्यंतची मर्यादा आहे. पण तिथपर्यंत जाण्याआधी घरातल्या किंवा मोहल्ल्यातल्या जाणत्या माणसांनी मध्ये पडावे, हे जास्त चांगले.

आणि सांभाळणाऱ्यांचाही विचार हवा. आजारी सासू-सासऱ्यांचे सगळे काम बहुतेक वेळा एकाच सुनेवर पडते. तिची झोप, तिची तब्येत, तिचे माहेरी जाणे यांचाही वाटा ठरवावा. आठवड्यातून एक दुपार दुसऱ्या कुणीतरी जबाबदारी घ्यावी, मुलांनीही घ्यावी. थकलेल्या माणसाकडून शांतपणा शिकवला जात नाही.

सुरुवात करायला कोणतीही सामग्री लागत नाही. एक कागद, एक पेन आणि आज असरनंतरचा अर्धा तास. टीव्ही बंद करून जवळ बसा आणि विचारा, ‘अम्मी, मनात काय चाललंय?’ आणि मग ऐका. पहिल्या यादीतले पहिले काम याच आठवड्यात करून टाका.